गंगाळावरची अक्षरं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. रडू आलंच, पण त्याआधी मनात आलं ते गंगाळ... आणि माझी मलाच लाज वाटली.

बाळकुमच्या मामाकडचं हे तांब्याचं गंगाळ एका छोट्या संस्थानातलं, राजाच्या अभिषेकाच्या स्नानाचं. मामाचे आजोबा तिथे मीठ पोचवायचे. राजाने खूश होऊन त्यांना ते दिलं, असं घरात सांगत. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक नवरा-नवरीची हळदीची आंघोळ त्यातल्याच पाण्याने. त्याआधी चिंच-राख लावून ते घासायचं काम मामाचं. दुसऱ्या कोणाला हात लावू देईल तर शपथ! काठावरची मोडी अक्षरं त्यानेच घासून घासून जवळजवळ घालवली.

दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा राजवाड्यातून चोरीला गेलेली भांडी सापडल्याची बातमी त्याने वाचली आणि त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. आपल्या आजोबांनी तर... मी तेव्हा डोंबिवलीत मोडी शिकत होते. एका दुपारी गंगाळ रिक्षात घालून तो थेट माझ्या दारात.

"वाच गो बाय. आपलं हाय का चोरीचं, तेवरं सांग."

खिडकीशी धरून पाहिलं. चारच शब्द उरले होते, पण स्पष्ट. 'खासगीकडील. बाहेर देणे नाही.' खासगी म्हणजे राजाचं घरखातं. राजाने स्वतः नियम मोडून दिलंही असेल, कोण जाणे. पण मामा माझ्या तोंडाकडेच बघत होता.

"बक्षीस, असं लिहिलंय," मी म्हटलं.

तो ढसाढसा रडला. त्याला सावकाश खरं सांगू, असं म्हणत मी दोन वर्षं घालवली. भित्री कुठली.

बाराव्याला गेले ते ठरवूनच, गंगाळ आमच्या मोडीच्या सरांना दाखवायचं, खरं काय ते एकदा कळू दे. मामीने ते पुढ्यात ठेवलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, तसं मामाने दुकानातून कोरून आणलं होतं, नेमकं त्या चार शब्दांवर, खोल, ठसठशीत... 'राजाकडून बक्षीस.' खालचं एकही अक्षर आता कोणालाही लागणार नाही.

पुढच्या महिन्यात शेजारच्या मुलीची हळद आहे. मामी काठावरून बोट फिरवत म्हणाली, "आता मीच घासनार. तू वाचलेलं पुसू नाय देनार."