आप्पांना सांगितलेलं माझं लेसर

मंडळी, आज सदलग्याहून परत येताना बसमध्ये मान वर करवेना.

माझे थोरले चुलतभाऊ आप्पा तिथं राहतात. परवा बेळगावात त्यांच्या मुतखड्याचं लेसर झालं; माझं आधीच झालेलं. आज सकाळी वहिनींचा फोन आला, "भावजी, हे पाणीच पीत न्हाईत."

लगेच गेलो. आप्पांनी वहिनींना बाहेर पाठवलं आणि हळूच म्हणाले, "लघवी लाल होतीया. लई जळतंय. तुला तर कायबी झालं न्हवतं. माझंच कायतरी बिघडलंय."

दवाखान्यात भरती करताना मीच छाती काढून म्हणालो होतो, "माझ्या वेळी मुंगी चावल्यागत वाटलं, आप्पा!"

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत नळी ठेवलीय, थोडे दिवस असं होतं. पाणी भरपूर प्यायला द्या. ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच आणा."

मग खाली बघत सांगितलं, "आप्पा, मलाबी असंच झालतं. बाथरूमात रडलतो मी."

आप्पांनी तांब्या तोंडाला लावला, अर्धा रिकामा केला. "आधी सांगायचं न्हाय व्हय रं? मी एकटाच रडलो की."

आपलं आजारपण सांगताना तुम्ही काय गाळता?