हात स्टिअरिंगवर

मुलीला टेक्सासमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला त्या दिवशी घरात सगळे खूश होते. वाद सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी, मी त्या विद्यापीठाचे नियम वाचायला बसले तेव्हा. मला कुठल्याही गोष्टीचे नियम वाचायची सवय आहे. सौदीतल्या खोबरच्या एका खाजगी रुग्णालयात मी ऑपरेशन थिएटरची इन-चार्ज सिस्टर आहे. नियम न वाचणारी माणसं मी रोज सांभाळते.

वसतिगृहाच्या खोलीत इस्त्री चालत नाही. मेणबत्ती चालत नाही. परवाना असेल तर वर्गात पिस्तूल चालतं, फक्त ते झाकलेलं हवं. आवाराबाहेर, रस्त्यावर आणि दुकानांत झाकायचीही सक्ती नाही. कमरेला उघड लावून फिरलं तरी त्या राज्याचा कायदा हरकत घेत नाही. मी ते तीनदा वाचलं आणि लॅपटॉप नवऱ्यापुढे सरकवला.

"अगं, तिथे असतंच तसं," तो म्हणाला. तो धाहरानला तेल कंपनीत आहे आणि त्याच्या ऑफिसात अर्धे लोक तिथलेच आहेत, त्यामुळे अमेरिकेबद्दल त्याला काहीही नवं वाटत नाही.

"असतंच म्हणजे? इस्त्रीने आग लागेल म्हणून इस्त्री नको आणि पिस्तूल चालेल?"

"मम्मा, प्लीज," मुलगी म्हणाली. "स्टॅटिस्टिकली तू रोज खोबरला गाडी चालवतेस ते जास्त डेंजरस आहे."

होकार कळवायला तीन आठवडे होते. मुलीने आधीच जाहीर केलं होतं की मम्मा हो म्हणाली तरच मी बटण दाबणार. यात प्रेमबीम काही नव्हतं. पुढची चार वर्षं फोनवर माझी कटकट ऐकायची तिची तयारी नव्हती, म्हणून तिला आत्ताच सोक्षमोक्ष लावायचा होता. दुसरीकडे कुठे प्रवेश मिळालेला नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर वर्ष गेलं असतं. म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर, आणि माझा प्रश्न मात्र कुणी नीट ऐकूनही घेत नव्हतं.

मिरजेहून धाकट्या बहिणीचा फोन आला तर ती हसायलाच लागली. "ताई, अगं वीस वर्षं सौदीत राहिलीस आणि अमेरिकेला घाबरतेस? आम्ही इथे तुझ्या काळजीने अर्धे झालो!"

तिला काय सांगणार? वीस वर्षांत मी इथे बंदूक पाहिली ती पोलिसाकडे, सैनिकाकडे, नाहीतर कंपनीच्या गेटवर. भाजी घेताना शेजारच्या माणसाच्या कमरेला कधी पाहिली नाही. गावी कुणाला हे पटत नाही. त्यांच्या डोक्यातली सौदी वेगळीच आहे.

थिएटरमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांचा एक सौदी टेक्निशियन आहे, दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातला. दोन ऑपरेशनांच्या मधे चहा घेताना मी त्याला विचारलं, तुमच्याकडे पूर्वी होत्या ना बंदुका?

"सिस्टर, माझ्या आजोबांच्या कमरेला खंजीर असायचा आणि खांद्याला बंदूक. लग्नाला जायचं तर बंदूक न्यायचीच. नाही नेली तर लोक विचारायचे, हा पाहुणा आहे की आचारी?"

"आणि मग हवेत गोळ्या."

"हवेत. सगळ्या हवेतच राहायच्या असं नाही. काकाच्या लग्नात एका पाहुण्याचा कान गेला. कान! नवरदेव अजून त्याच्या घरी खजूर पाठवतो." तो हसला. "आता बंदी आहे. बंदूक बाहेर काढली की खलास. म्हातारे कुरकुर करतात, म्हणतात हल्ली लग्न आहे की मयत तेच कळत नाही. पण मला विचाराल तर बरं झालं."

मला बरं वाटलं, पण त्याचा उपयोग काय? तो टेक्सासचा नव्हता.

टेक्सासचा होता तो नवऱ्याचा साहेब. एका शुक्रवारी त्याने आम्हाला कंपनीच्या कॅम्पमधल्या आपल्या बंगल्यावर जेवायला बोलावलं. हे आमंत्रण कुणी घडवून आणलं ते मला न सांगताच कळलं. माणूस सज्जन. अंगणात शेगडी पेटवून त्याने आमच्यासाठी स्वतः कोंबडी भाजली. मी ताट हातात घेतलं आणि विषयाला हात घातला.

"गावी असलो की मी किराणा आणायला जातानाही पिस्तूल कमरेला लावतो," तो म्हणाला. "कुणी वळूनसुद्धा बघत नाही."

"कुणी बघत नसेल तर लावता कशाला?"

तो मोठ्याने हसला. "हत्यार दिसलं की माणसं सभ्य वागतात."

"आत्ता तुमच्या कमरेला काही नाही. तरी मी सभ्यच बोलतेय ना?"

नवऱ्याने न मागता माझ्या ताटात बटाट्याचं सॅलड वाढलं. आमच्या घरात याचा अर्थ गप्प बस असा होतो. मी गप्प बसले नाही.

"दुकानात रांगेत माझ्यापुढे असा माणूस उभा आहे. तो दूध घ्यायला आलाय की गोळ्या घालायला आलाय, हे मला कसं कळणार?"

"त्याच्या वागण्यावरून."

"म्हणजे गोळी घातल्यावर."

आता मात्र तो विचारात पडला. वाईट वाटून घेतलं नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला की पोलिसाला पोचायला तिथे अर्धा तास लागतो, शेजारघर कोसावर असतं, आणि त्याच्या आईने एकटीने दोन वेळा चोर परतवले आहेत. मी म्हटलं, आईने घरात ठेवावी की बंदूक, मला दुकानातल्या बंदुकीचं सांगा. तो म्हणाला, घर आणि दुकान यांत रेघ कुणी मारायची? मी म्हटलं, उंबरठा असतो त्याला. एवढ्या सगळ्याचा त्याच्यावर परिणाम शून्य, आणि त्याचा माझ्यावर शून्य. माझं डोकं दुखायला लागलं.

मग विषय बदलायचा म्हणून त्याने मुलीला विचारलं, "तू गाडी चालवतेस ना? पोलिसाने थांबवलं तर काय करतेस?"

"सोपं आहे," ती म्हणाली, आणि बसल्या जागी करून दाखवलं. डाव्या हाताने काच खाली, उजवा हात सरळ शेजारच्या पर्समध्ये, फोन बाहेर. फोनमध्ये इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, असतो. दोन सेकंदांचं काम.

हे मी शिकवलं होतं. इथे तपासणी नाक्यावर पोलिसाने मागायच्या आत कागद पुढे करायचा, हा माझा नियम. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा मी पहिल्या काही महिन्यांत परवाना काढला, आणि त्याआधी पंधरा वर्षं शेजारच्या सीटवर बसून इकाम्याचं प्लास्टिकचं कार्ड नाका येण्यापूर्वीच मुठीत धरून ठेवलेलं असायचं. परक्या देशात काम करणाऱ्या माणसाने पोलिसाचा वेळ खाऊ नये. मुलगी अठराची झाली, तिने परवाना काढला, तेव्हा ब्रेक-क्लचइतकंच हेही मी तिच्याकडून घोटून घेतलं.

साहेबाने काटा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं.

"नाही," तो म्हणाला. "असं कधीही करायचं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वर, दिसतील असे. तो सांगेपर्यंत हलवायचे नाहीत. पर्समध्ये हात घालायचा असेल तर आधी विचारायचं, आणि सावकाश घालायचा. कळलं?"

"पण का?" मुलगी म्हणाली.

"कारण पर्समध्ये काय आहे ते त्याला माहीत नसतं."

तो हे अगदी साधेपणाने बोलला, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ म्हणावं तसं. आणि मला इतके दिवस जे नीट मांडता येत नव्हतं ते त्यानेच मांडून टाकलं. ज्या गावात कुणाकडेही बंदूक असू शकते, तिथे प्रत्येक पर्समध्ये ती आहे असं धरूनच पोलिसाला चालावं लागतं. माझ्या मुलीच्या पर्समध्ये असते फणी आणि बिस्किटं. परतताना मी हे गाडीत नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघ, किती उपयोगी माहिती दिली त्यांनी."

मी पुढचे काही दिवस कुणाशी वाद घातला नाही. संध्याकाळी ड्यूटी संपली की मुलीला रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये बोलवायची. ती गाडीत बसायची, मी पोलीस. काचेवर टकटक करायची, आणि तिचा हात पर्सकडे जायचा.

"मेलीस," मी म्हणायची. "पुन्हा."

"मम्मा!"

"पुन्हा."

पहिल्या दिवशी ती बारा वेळा मेली. हात तिला न विचारताच जायचा. वीस वर्षांची माझी सवय, ती तिच्या हाडात उतरलेली. चार दिवसांत कशी जाणार? ती हसायची, मग चिडायची. एकदा म्हणाली, "तूच शिकवलंस आणि आता तूच मारतेस."

नवऱ्याला हे आवडलं नाही. "पोरीला असं अभद्र काय बोलतेस? शुभ बोल की जरा."

"अहो, तिथला पोलीस शुभ बोलणार आहे का?"

शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी दम्मामहून घरी परतत होतो. गाडी ती चालवत होती. डिकीत तांदळाचं पोतं आणि मेथीच्या जुड्या. वाटेत नाका लागला, नेहमीसारखाच. पोलीस तरुण, घामाघूम, कमरेला पिस्तूल. मुलीने गाडी थांबवली, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत बसली.

पोलीस वाट बघत उभा राहिला. त्यालाही आमच्या माणसांची सवय. कागद आपोआप पुढे येतो. आज कागद आला नाही. त्याने बोटं हलवून खूण केली. मुलगी हलली नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्याने.

"इकामा," तो म्हणाला. "यल्ला, बिंत, यल्ला!" चल पोरी, लवकर.

"इकामा पर्समध्ये आहे," मुलगी अरबीत म्हणाली. "पर्स उघडू का?"

त्याने आधी तिच्याकडे, मग पर्सकडे पाहिलं. "मला काय विचारतेस? पर्स माझी आहे का?"

मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. मला राहवेना. मी माझ्या पायाशी ठेवलेल्या पर्सकडे वाकले, माझा इकामा तरी त्याच्या हातात द्यावा म्हणून.

"मम्मा, हात," मुलगी समोरची नजर न काढता हळूच म्हणाली. "मेलीस."

मी वाकलेली तशीच थांबले. तिचे हात जागचे हलले नव्हते. घड्याळातल्या दहाच्या आकड्यावर डावा, दोनच्या आकड्यावर उजवा, बोटं पसरलेली. मग तिने एक हात उचलला, सावकाश पर्स उघडली, दोन बोटांनी फोन काढला आणि त्याला दिला. हे सगळं इतकं संशयास्पद दिसत होतं की त्याने आम्हाला गाडी बाजूला घ्यायला लावली. वीस वर्षांत पहिल्यांदा आमची डिकी उघडली गेली. त्याने पोतं दाबून पाहिलं, मेथी उचलून खाली ठेवली, आणि विचारलं, "तुम्ही घाबरलात कशाला? मी काय केलं?"

मुलीने सांगितलं की ती अमेरिकेला शिकायला चालली आहे आणि सराव करते आहे. त्याला ते कळलं नाही. त्याने फोन परत दिला, मान हलवली आणि जा म्हणाला.

पुढच्या सिग्नलला तिने गाडी थांबवली.

"बरोबर केलं ना मी?" तिने विचारलं.

"केलंस."

"मग तोंड असं का?"

त्या बिचाऱ्या पोराच्या कमरेला पिस्तूल होतं आणि आमच्या पर्समध्ये काय आहे याची त्याला पर्वा नव्हती. इतकी निर्धास्त माणसं सोडून मी तिला पाठवत होते, आणि तिथे टिकायला काय लागतं ते मीच तिला शिकवलं होतं, उत्तम शिकवलं होतं. हॉर्न वाजत होते, पोलीस ओरडत होता, आई चुकत होती, तरी पोरगी हलली नाही. ती नापास झाली असती तर मला नाही म्हणता आलं असतं.

घरी आल्यावर मी चप्पल काढता काढताच म्हटलं, "दाब ते बटण."

नवरा सोफ्यावरून उठला. "पटलं ना शेवटी?"

"मला काहीही पटलेलं नाही. तिला जमलं, एवढंच."

मुलीने लॅपटॉप उघडला, होकार कळवला. पडद्यावर अभिनंदनाच्या रंगीत झिरमिळ्या उडाल्या आणि त्यांच्याखाली लगेच पुढचा अर्ज उघडला. आवारात स्वतःची गाडी आणणार का, आणणार असाल तर पार्किंगची नोंदणी करा. तिने मला न विचारता 'हो' वर टिचकी मारली.