कामतघरचा मुका हेर

मला सगळ्यांचे आवाज काढता यायचे. पीटीचे सर, पान चघळत बोलणारे आमचे चाळमालक, वरच्या माळ्यावरची भांडखोर काकू. म्हणून मित्राच्या ताईने तो खेळ आणला तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्यासाठीच बनवलाय.

ताई कल्याणला कॉलेजात जायची. तिथून ती कुठल्यातरी इंग्रजी खेळाचे झेरॉक्स घेऊन आली. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, अडलं की फासा टाकायचा. गोष्ट ताई सांगणार होती. बाकी पोरांना घेतलं, मला म्हणाली, "तू आधी तुझा माणूस घेऊन ये."

मी एक राजा नेला. पान खाऊन बोलणारा.

"हे चाळमालक आहेत," ताई म्हणाली. "तुझा माणूस कुठाय?"

मग जादूगार नेला. त्याने मंत्राऐवजी शिट्टी मारली. पोरं हसून लोळली, ताई हसली नाही. "आवाज ठेव बाजूला. त्याला काय पाहिजे ते सांग."

"वडापाव."

"ऊठ इथनं."

घरी येऊन विचार करत बसलो. मला त्या खेळात घुसायचंच होतं, कारण त्या वर्षी घरी जाम कंटाळा यायचा. बाबा ज्या कारखान्यात होते तिथले कापड विणायचे लूम भंगारात गेले आणि ते सुरतला कामाला गेले. रविवारी पीसीओवर त्यांचा फोन यायचा. "जेवला का? आईला दे." संपलं.

त्यात त्यांची काय चूक? बाबांचं बोलणं तोंडात कधी नव्हतंच, हातात होतं. लूम चालू असले की कानाशी बोंबललं तरी ऐकू येत नाही, म्हणून आमच्या कामतघरचे सगळे कारीगर हातांनी आणि ओठांनी बोलतात. बाबा घरीपण तसेच. पाणी हवं, टीव्ही बारीक कर, आई रागावलीय जरा गप बस, सगळं हातानेच. सगळ्या गावाची नक्कल करायचो मी, पण बाबांचा आवाज काढायला गेलो की तोंडात काहीच यायचं नाही. आणि फोनवर हात दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं, "माझा माणूस मुका हेर हाय. लूमवाल्यांसारखा हातांनी बोलतो."

"आणि त्याला काय पाहिजे?"

"त्याचा उस्ताद कुठंतरी गेलाय. त्याला शोधतोय."

ताईने फासा माझ्या हातात दिला. "घेतला," म्हणाली.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून आम्ही मित्राच्या काकांच्या कारखान्यात कापडाच्या ताग्यांवर बसून खेळायचो. पहिल्याच दिवशी माझ्या हेराने मित्राला खूण केली, पहारेकरी झोपलाय, मागून ये.

ताई म्हणाली, "पहारेकरी उठला. घंटा वाजवतोय."

"असं कसं? मी तोंड उघडलं का?"

"तो पण कामतघरचाच हाय. त्याला सगळं कळलं."

मित्र तागा बडवत म्हणाला, "अबे, तेरा जासूस तो पूरे मोहल्ले को बता के चोरी करेगा."

असे बरेच शुक्रवार गेले. मग एकदा ताई सांगायला लागली, "डोंगराखाली गरम पाण्याची कुंडं आहेत, वज्रेश्वरीसारखी. वाफेच्या पलीकडे एक माणूस उभाय. तुझा उस्ताद." माझ्याकडे वळली. "तो कसा बोलतो, ते मला न्हाय माहीत. तूच दाखव."

मी उभा राहिलो. बाबा सुरतला निघाले तेव्हा त्यांनी एसटीच्या खिडकीतून तळहात खाली करून हवेत थोपटला होता. लूमवर त्याचा अर्थ, थांब, आलोच. मी तेवढंच केलं.

कुणी अर्थ विचारला नाही. सगळी लूमवाल्यांचीच पोरं.

"मग?" ताईने फासा पुढे केला. "जातोस त्याच्याकडे?"

जाता आलं असतं. मित्र कोपर मारत होता, टाक ना, टाक.

"न्हाय," मी म्हणालो. "तो थांब म्हणालाय."

बाकीचे किल्ल्याकडे निघून गेले. तिथे लढाया झाल्या, खजिना मिळाला. बाबा सणाला यायचे, परत जायचे. माझी पाळी आली की ताई न चुकता विचारायची, "तुझा माणूस काय करतोय?"

"बसलाय कुंडापाशी."

"कंटाळा न्हाय येत त्याला?"

"येतो की," मी म्हणायचो आणि फासा पुढच्याला द्यायचो.