वाकडा लावायचा बोर्ड

माझा मामा होर्डिंग लावतो. म्हणजे इमारतींच्या डोक्यावर ते मोठाले लोखंडी सांगाडे असतात ना, त्यांवर चढून जाहिरातीचे फ्लेक्स दोऱ्यांनी ताणून बांधतो. आयुष्यात त्याने एकही फ्लेक्स वाकडा बांधलेला नाही, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नाही. कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी तिथल्या भिंतीवरचे फोटो सरळ करतो. केस कापायला गेला तर आधी न्हाव्याचा आरसा. मामी म्हणते, "लग्नात ह्यांनी माझं तोंड कुठे पाहिलं? मागचा पडदा कुठे झुकलाय तेच बघत होते."

अलीकडे मात्र मामाचा उजवा हात थरथरायला लागला होता. कप बशीवर वाजायचा. मग तो बशी बाजूला सारून म्हणायचा, "हल्ली बशा फार हलक्या येतात." घरात कुणाला पत्ता नाही, अशी त्याची ठाम समजूत. पण ठेकेदाराच्या ते लक्षात आलं होतं. "काका, आता खाली उभं राहून पोरांना सांगत जा," असं तो एक-दोनदा बोलून गेला. मामाला ते फार लागलं. वर चढणं बंद झालं की आपण संपलो, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

नेमकं तेव्हाच एका नव्या फोनचं काम आलं. धरणाऱ्याचा हात कितीही हलला तरी ह्या फोनमध्ये फोटो सरळ येतो म्हणे. जाहिरात कंपनीतून एक चुणचुणीत मुलगी आली.

"काका, हा फ्लेक्स वाकडा लावायचा."

"काय?"

"एक कोपरा असा खाली झुकलेला. बोर्ड वाकडा, पण आतला फोटो सरळ. तीच तर गंमत आहे!"

"गंमत तुमची होईल, ताई. शोभा माझी होईल."

पण काम ते काम. मामाने नाक मुरडत भर चौकात फ्लेक्स वाकडा बांधला आणि घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळपर्यंत व्हायचं ते झालंच. येणारा-जाणारा मान तिरकी करून वर बघायचा. बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला कुणाला सवड होती? मामा पाय मोकळे करायला बाहेर पडला, तर पेपरवाल्याने विचारलं, "काका, हात गेला वाटतं?" न्हाव्याने तर सहानुभूती दाखवली, आणि ती जास्त झोंबली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामा मला घेऊन गेला, शिडी धरायला लावली आणि फ्लेक्स सरळ करून मोकळा झाला. खाली उतरला, ऐटीत चार पावलं मागे गेला, आणि त्याने कपाळावर हात मारला. झुकलेल्या बोर्डात सरळ दिसावा म्हणून आतला फोटो मुळात तिरकाच छापलेला होता. आता बोर्ड सरळ, आणि फोटोतलं सगळं कुटुंब घसरगुंडीवर बसल्यासारखं एका बाजूला चाललेलं. खाली लिहिलेलं : 'फोटो कायम सरळ!'

ठेकेदार धावत आला. ती मुलगी आली, तिच्यामागून फोन कंपनीचा साहेब.

"आत्ताच्या आत्ता पुन्हा वाकडा करा," ठेकेदार म्हणाला. "नाही जमलं तर आजपासून शिडीला हात लावायचा नाही."

ऑफिसं भरायची वेळ. सगळ्या चौकासमोर मामा आपलाच सरळ बोर्ड बिघडवायला वर चढला. दोरी सोडताना त्याचा हात कसा थरथरतोय ते मला खालून स्पष्ट दिसत होतं. खरं सांगतो, मला रडू येत होतं. कोपरा खाली आला तसं गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अहो आजोबा, वाकडं झालं! आता पुरे, उतरा खाली!"

"ए शहाण्या!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. भाजीची पिशवी सावरत मामी उभी होती.

"त्यांना वाकडाच लावायला सांगितलाय! हात हलला तरी ह्या फोनमध्ये फोटो सरळ येतो, म्हणून बोर्ड वाकडा आणि फोटो सरळ. ज्याला कळलं नसेल त्याने पुढे यावं."

दोघं खरंच पुढे आले. मामीने त्यांना बोट दाखवून पहिल्यापासून समजावलं. एका बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ऐकत राहिला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तर मामीने त्यांनाही गप्प केलं. चौकातल्या एकूण एक माणसाने मान वर करून ती जाहिरात वाचली. साहेब हळूच त्या मुलीला विचारत होता, "ह्या बाई आपण नेमल्यात का?"

मामा घामाघूम होऊन उतरला. ठेकेदाराने वर बघितलं, गाठी निरखल्या, साहेबाचा खुललेला चेहरा बघितला आणि म्हणाला, "सोमवारी पुलाजवळचं काम आहे. या, काका."

मामाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो मामीवर डाफरला, "अगं, तू कशाला आलीस इथे?"

मामीने चारचौघांत त्याचा उजवा हात धरला. तो सोडवून घ्यायला बघत होता, ती सोडेना.

"मला आंधळी समजलात का? उद्या डॉक्टरांकडे जायचंय, मी वेळ घेऊन ठेवलीय. आणि सोमवारी मीही येणार आहे. हात थरथरतो तुमचा, माझं तोंड अजून धडधाकट आहे."