मशिनवाल्या काकांचा कान

कुणी बिघडलेलं शिलाई मशिन आणलं तरी मशिनवाले काका ते लगेच उघडत नसत. डोळे मिटून चाक फिरवायचे आणि म्हणायचे, "खालच्या दोऱ्याचं शटल घासतंय." चाळीस वर्षांत हा अंदाज चुकला असेल तर शपथ. लेकीला बापाचा भारी अभिमान. शाळेत मैत्रिणींना ती सांगायची, "आमचे बाबा मशिनचं ऐकतात."

गेल्या वर्षापासून मात्र काका गप्प होत गेले. विचारावं एक, तर उत्तर भलतंच, पुढे तेही देईनात. घरात चार माणसं जमली की आतल्या खोलीत जाऊन बसत. त्यातच शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं मशिन त्यांनी दुरुस्त म्हणून परत दिलं आणि त्याच दिवशी तिच्या तीन सुया मोडल्या. पुढच्या आठवड्यात आणखी एकीचं तेच झालं. मुलाने दारामागच्या खुंटीवरची दुकानाची किल्ली काढून खिशात घातली.

"बाबांचं डोकं चालेनासं झालंय," तो बहिणीला म्हणाला, तेही बाबांच्या देखत. "महिनाअखेरीला दुकान सोडून देऊ."

तिच्या ते जिव्हारी लागलं. दुकान गेलं तर बाबा आतल्या खोलीतून बाहेर यायचे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या मशिनच्या शटलचा स्क्रू मुद्दाम ढिला केला आणि मशिन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. भाऊही पाहत उभा राहिला.

काकांनी चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. काही कळेना. मग जरा ओशाळून त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि चाक हळूच फिरवलं.

"शटलचा स्क्रू ढिला आहे," ते म्हणाले. "आणि तो तूच केलायस, लबाड कुठली."

"मग दुकानात असं का नाही केलंत, बाबा?" तिने कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं.

"गिऱ्हाइकासमोर? लाज वाटते गं."

ती भावाकडे वळली. "डोकं ठणठणीत आहे, दादा. कानांनी दगा दिलाय. हाडातून आवाज पोचला की सगळं कळतं."

कानांच्या डॉक्टरबाईंनीही तपासून तेच सांगितलं. वयाचा थोडा विसराळूपणा आहेच, त्या म्हणाल्या, पण ऐकू येईना की माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो आणि मग बुद्धीही गंजायला लागते. कानाला यंत्र लावा, त्यांना कामात ठेवा. यंत्र पाहून काकांनी नाक मुरडलं. म्हणे, ही म्हाताऱ्यांची वस्तू. वय पंच्याहत्तर.

यंत्र लावून चार दिवस झाले. काका दाराकडे पाठ करून लेकीशी बोलत बसले होते. मुलगा कामावरून आला आणि त्याने हळूच किल्ली खुंटीला अडकवली.

"बरं केलंस," काका मागे न वळता म्हणाले. "आणि उजव्या बुटाची टाच सुटत आलीय तुझ्या. शिवून घे."

मुलाने बूट काढून उलटा केला. टाच खरंच सुटत आली होती.

"आमचे बाबा," लेक म्हणाली, शाळेत सांगायची तश्शीच.