दिवा हिरवाच होता

आमच्या ऑफिसची सगळी माहिती पुण्यात साठते आणि तिची प्रत लगेच नागपूरच्या मशीनवर उतरते. ती नीट उतरतेय का, हे बघणं माझं काम. स्क्रीनवर हिरवा दिवा दिसला की सगळं ठीक, असं म्हणतात. माझा त्या दिव्यावर काडीचा विश्वास नाही. म्हणून रोज सकाळी मी एका फाइलमध्ये डब्यातली भाजी लिहिते आणि नागपूरच्या शोभाताईंना फोन करून विचारते, "प्रतीत बघून सांगा, आज काय आणलंय मी?"

आज त्या म्हणाल्या, "भेंडी."

भेंडी कालची. आज दोडका होता. आणि दिवा? हिरवागार!

बिघाड दुपारपर्यंत निघाला, पण माझ्या मनातून काही तो दिवा जाईना. 'ठीक आहे' म्हणण्याची एकदा सवय लागली की दुसरं काही सांगताच येत नसावं. गावी एकटी राहणारी आईही रोज फोनवर म्हणते, "मी मजेत आहे गं." आणि मी फोन ठेवते.

आज ठेवला नाही. विचारलं, "भाजी काय केलीस?"

तिनं उलट मलाच विचारलं, "तू काय नेलं होतंस डब्यात?"

"दोडका."

"हो? मीपण दोडकाच केला."

आईला दोडक्याचा वाससुद्धा सहन होत नाही.