ॲन्सेल्मची अबोली सायकल

माझा धाकटा भाऊ ॲन्सेल्म जन्मभर घाबरतच जगला. माणिकपुरात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, पण रस्त्याकडेला पाणी दिसलं की हा गडी खाली उतरणार आणि सायकल हातात धरून चालणार! आणि वसईत पाण्याला काय तोटा? वाडीवाडीत बावखल, म्हणजे चांगलं खोल तळंच. लोक हसायचे, मीही हसायची. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस रे," म्हणायची.

मग त्याची बायको तापाने गेली. एकुलती एक पोर उरली, जुलियाना. तेव्हापासून मी जरा कमी हसू लागले.

सत्त्याहत्तर साली जुलियाना नर्स झाली. घरोघर फिरून बाळंतिणी बघायच्या, म्हणून तिला सायकल हवी होती, आणि तीसुद्धा अबोली रंगाची. "सगळ्यांच्या काळ्या. माझी लांबून ओळखू आली पाहिजे," म्हणाली. ॲन्सेल्मचं जेवणच तुटलं. शेवटी म्हणाला, "बाजारातली नको, पोरी. मीच बांधतो. निदान कुठे काय आहे ते मला ठाऊक असेल."

एका जुन्या सायकलची पोलादी फ्रेम खरवडून स्वच्छ केली. पुढचं चाक धरतो तो चिमटा मात्र त्याने स्वतः केला, नळ्या तापवून, सांध्यात पितळ उतरवून. गिअर-बिअर काही नाही, एक साखळी आणि एक चक्र. रंग पाचूबंदरला होड्यांना लावतात तो आणला. लाल, पिवळा, पांढरा कालवत बसला. अबोली जमेपर्यंत माझी भांडी नासवली मेल्याने.

रंगाआधी त्याची एक रीत होती. हातोडीने एकेक सांधा ठोकायचा आणि कान लावायचा. पितळ आतपर्यंत गेलं असेल तर सांधा खणकन वाजतो, नसेल तर नुसता थप्प. त्या संध्याकाळी तो असाच ठोकत होता आणि मी शेजारी कोळंबी सोलत होते. तेवढ्यात देवळाची घंटा झाली. सकाळ, दुपार, संध्याकाळ ही घंटा झाली की आम्हा ख्रिस्ती लोकांत हातातलं काम तिथेच ठेवायचं, कपाळाला हात नेऊन क्रूस करायचा, मरियामातेचं नमो मारिया म्हणायचं. आम्ही म्हटलं. मग त्याने हातोडी उचलली, उरलेले सांधे ठोकले आणि रंगाला बसला.

रंग वाळल्यावर एका सकाळी जुलियाना त्या सायकलवरून ऐटीत निघून गेली.

दुपारी मी दुकानात त्याचा डबा घेऊन गेले. तो कुणा गिऱ्हाइकाचा चिमटा ठोकून बघत होता. घंटा झाली. त्याने हातोडी ठेवली, हात कपाळाला नेला आणि तो तिथेच थांबला. तोंड पांढरंफटक.

"बाय, डावा सांधा!"

"काय झालं रे?"

"त्या दिवशी घंटा झाली तेव्हा मी डाव्या सांध्यापाशी होतो. तो ठोकलाच नाही. प्रार्थनेनंतर मी पुढचा धरला."

चिमटा मोडला तर पोर तोंडावर पडणार, आणि तिची वाट सगळी बावखलांच्या काठाने! गिऱ्हाइकाचीच सायकल ओढून तो निघाला. मी विचारलंबिचारलं नाही, मागे कॅरिअरवर बसले.

"अबोली सायकल बघितली?" ज्याला त्याला विचारत सुटलो. सगळ्यांनी बघितलेली! फुलवाले हरिभाऊ वाडीच्या फाटकातून ओरडले, "आत्ताच बांधावरून गेली!"

बांध हातभर रुंद, दोन्हीकडे हिरवंगार पाणी. ॲन्सेल्म उतरला नाही. देवा येशू, मी डोळेच मिटले! मी त्याच्या पाठीला घट्ट धरून होते.

समोरून जुलियाना परत येताना दिसली.

"उतर! उतर!" हा ओरडला.

पोरीला वेगळंच वाटलं. "बाबा, तुम्ही बांधावर, आणि सायकलवर!" आनंदाने तिने जोरात पायडल मारलं.

तेव्हा ॲन्सेल्मने आपली सायकल वाटेत आडवी टाकली. मी काठच्या अळवात पडले. जुलियानाने करकचून ब्रेक दाबला आणि चिमट्यातून कट्ट असा आवाज आला. ॲन्सेल्मने खिशातला पाना काढून उजवा सांधा ठोकला. खण्ण. डावा ठोकला. थप्प. मग नुसत्या हाताने नळी हलवून दाखवली. जुलियानाने एकदा पाण्याकडे बघितलं आणि ती सायकल हातात धरून चालू लागली.

त्याने चिमटा नव्याने केला, नव्याने रंगवला. मला समोर बसवून प्रत्येक सांधा ऐकवला. पण जायच्या वेळी दोघांचीही पाचावर धारण बसलेली. "बाबा, धरा हं," म्हणत ती सीटवर चढली. हा कॅरिअर धरून मागे पळू लागला.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आता सोडा."

हा सोडेना.

"बाबा, दुपारची फेरी आहे माझी. सोडा ना!"

मी पण ओरडले, "अरे सोड तिला!" छे! बोटं पांढरी पडली, तरी पकड सुटेना.

तेवढ्यात दुपारची घंटा झाली. क्रूस उजव्या हाताने करायचा, आणि त्याचा उजवा हात कॅरिअरवर. क्षणभर तो तसाच पळाला. मग हात सुटला आणि कपाळाला गेला.

जुलियाना पुढे निघून गेली. ॲन्सेल्म भर रस्त्यात उभा राहून, डोळे सताड उघडे ठेवून, मोठमोठ्याने नमो मारिया म्हणत होता.